डोंगलची ‘रिॲक्शन’

छातीत दुखणारा रुग्ण समोर असला की घड्याळ फार भरभर चालते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी साठ किलोमीटरवरच्या एका ग्रामीण रुग्णालयातून तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याचा फोन आला. ‘‘सर, पंचावन्न वर्षांचे गृहस्थ आहेत. दोन तासांपासून छातीत दुखतंय, घाम सुटलाय. ईसीजी काढलाय, पण मला पुरती खात्री वाटत नाही. पाठवतो, बघता का?’’ मी म्हणालो, ‘‘पाठव लगेच,’’ आणि संगणकासमोर जाऊन बसलो.

पाच मिनिटे झाली, दहा झाली. ईसीजी काही येईना. पुन्हा फोन केला. ‘‘सर, डोंगल लावला की कॉम्प्युटर बंद पडतोय. निळा स्क्रीन येतो आणि आपोआप परत सुरू होतो. दोनदा झालं.’’ तिसऱ्यांदाही तेच झाले. जुना संगणक, तो पुन्हा सुरू व्हायलाच सहा-सात मिनिटे घेई. शेवटी तिथल्या सिस्टरांनी ईसीजीच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. त्या आवारात मोबाइलला रेंज फक्त फाटकापाशी. एक मामा तो मोबाइल घेऊन फाटकाकडे धावले आणि फोटो माझ्यापर्यंत पोहोचला. तोवर पस्तीस मिनिटे गेली होती.

ईसीजीत हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. अशा रुग्णाला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तो दाराशी आल्यापासून अर्ध्या तासात सुरू व्हावे, असे आमचे उद्दिष्ट असते. ते इंजेक्शन दिले, रुग्णवाहिकेने रुग्ण आमच्याकडे आला आणि वाचला. पण रक्तपुरवठा तुटलेला हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. त्या पस्तीस मिनिटांत त्यातला किती गेला, हे कोणीही मोजून सांगू शकणार नाही.

पुढच्या आठवड्यात तिकडे भेट होती. मी आमच्या रुग्णालयातल्या संगणक तंत्रज्ञाला सोबत घेऊन गेलो. त्या दिवशी जे पाहिले, ते घरी किंवा दुकानात डोंगल वापरणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल, म्हणून आज हा विषय.

आधी रुग्णाची हकीकत ऐका

सिस्टर म्हणाल्या, ‘‘सर, मी महिनाभर सांगतेय. डोंगल लावला की पडतो, काढला की चालतो. ज्याला सांगावं तो म्हणतो, तुम्ही नीट लावत नसाल.’’

त्यांच्या या एका वाक्यात जवळजवळ पूर्ण निदान होते. एखाद्या औषधाची रिॲक्शन आली की आम्ही डॉक्टर तीन गोष्टी विचारतो. औषध सुरू केल्यावरच त्रास झाला का? औषध थांबवल्यावर तो कमी झाला का? आणि चुकून पुन्हा दिले गेले, तेव्हा तो परत उलटला का? नरांजो आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये औषधांच्या दुष्परिणामांसाठी दहा प्रश्नांची जी पद्धत मांडली, तिचा कणा हेच प्रश्न आहेत. माणसाच्या बाबतीत तिसरा प्रयोग मुद्दाम करणे धोक्याचे असते. संगणकावर मात्र तो बेलाशक करता येतो, फक्त त्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवली पाहिजे. यालाही एक अपवाद आहे. डोंगल हाताला चटका बसण्याइतका तापत असेल, जळका वास येत असेल किंवा यूएसबीच्या खाचेतली पट्टी वाकलेली असेल, तर पुन्हा लावून पाहू नये. आत शॉर्ट असेल तर संगणकाचा मदरबोर्डही जाऊ शकतो.

लावल्यावर पहिल्या काही सेकंदांत काय होते?

यूएसबी ही जोडणी १९९६ मध्ये आली. तिच्या पिनमध्ये वीज पोहोचवणाऱ्या दोन पट्ट्या लांब आणि माहिती नेणाऱ्या दोन आखूड असतात, म्हणजे आधी वीज पोहोचते आणि मग संवाद सुरू होतो. संगणक विचारतो, ‘तू कोण?’ जोडलेले उपकरण आपली ओळख आणि आपल्याला लागणारी वीज सांगते. मग संगणक त्या उपकरणाशी बोलणारा दुभाषा शोधतो. या दुभाष्यालाच ड्रायव्हर म्हणतात.

पेन ड्राइव्हच्या बाबतीत गोष्ट इथेच संपते. डोंगल मात्र थोडा बहुरूपी आहे. अनेक डोंगल प्रथम ‘मी एक सीडी आहे’ असे सांगतात. त्या खोट्या सीडीत डोंगलचे सॉफ्टवेअर भरलेले असते. ते बसले की डोंगलला आदेश जातो, ‘आता मोडेम हो.’ मग तो क्षणभर स्वतःला तोडून घेतो आणि नव्या ओळखीने परत जोडला जातो. या वेळी मोडेम, मेमरी कार्ड, नेटवर्क अशी अनेक रूपे तो एकदम घेतो आणि प्रत्येक रूपाला वेगळा ड्रायव्हर लागतो. एवढी धावपळ पेन ड्राइव्हमुळे होत नाही. म्हणूनच ‘पेन ड्राइव्ह चालतो, मग डोंगलच का नाही?’ हा प्रश्न नेहमी पडतो.

आता निळ्या पडद्याकडे येऊ. आपण पत्र लिहितो किंवा गाणी ऐकतो ते प्रोग्राम संगणकाच्या ओसरीवर काम करतात. त्यांतला एखादा पडला तर तो एकटाच बंद होतो. बरेचसे ड्रायव्हर मात्र थेट माजघरात काम करतात. तिथे एकाने दुसऱ्याच्या मेमरीत चुकून हात घातला, तर पुढे काय बिघडेल याचा भरवसा राहत नाही. अशा वेळी विंडोज स्वतःहून सगळे थांबवते, म्हणजे निदान हार्ड डिस्कवर चुकीचे काही लिहिले जाणार नाही. घरात शॉर्टसर्किट झाल्यावर एमसीबी पडतो, तसाच हा प्रकार. निळा पडदा मूळ आजार नसतो. तो आजाराची खबर देतो.

हे कोणाच्याही बाबतीत घडू शकते. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉम्डेक्स प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टचे लोक येऊ घातलेल्या विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक दाखवत होते. यूएसबीने स्कॅनर जोडला की तो आपोआप कसा ओळखला जातो, हेच दाखवायचे होते. स्कॅनर जोडला आणि बिल गेट्स यांच्या देखत, भरल्या सभागृहात निळा पडदा आला. गेट्स यांनी तो प्रसंग हसून निभावला. तेव्हा तुमच्या घरी असे झाले तर ‘मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही’ म्हणून खजील व्हायचे कारण नाही.

लक्षणांवरून तीन गट

पहिला गट निळ्या पडद्याचा. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत तो काळा झाला आहे. या गटात संशय आधी ड्रायव्हरवर घ्यावा.

दुसऱ्या गटात कोणताही पडदा न येता संगणक फटकन बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो. इथे संशय विजेवर, म्हणजे शॉर्ट, दुबळा एसएमपीएस किंवा खराब झालेला यूएसबी पोर्ट यांवर.

तिसऱ्या गटात सगळे जागच्या जागी गोठते, माउसही हलत नाही. डोंगल काढल्यावर जीव परत आला, तर बहुधा ती खोटी सीडी वाचण्यात किंवा ड्रायव्हर बसवण्यात संगणक अडकला होता असे समजावे.

पहिले दोन गट ओळखण्यात एक फसगत होते. निळा पडदा आल्यावर विंडोज सहसा आपोआप पुन्हा सुरू होते, त्यामुळे तो डोळ्यांसमोरून झर्रकन निघून जातो आणि ‘नुसता रिस्टार्ट होतो’ असे वाटते. म्हणून सिस्टम प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ या भागात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडून ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ समोरची खूण काढावी. आता पडदा आला की तो टिकून राहील. मोबाइलने त्याचा फोटो घ्यावा. त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत एक संकेत असतो आणि काही वेळा ‘डॉट एसवायएस’ने संपणारे फाइलचे नावही असते. हे नाव दिसले तर ते संशयितच समजा. या फोटोवाचून तंत्रज्ञाकडे जाणे म्हणजे रिपोर्ट घरी विसरून डॉक्टरकडे जाण्यासारखे आहे.

एका वेळी एकच बदल

आमच्या तंत्रज्ञाने त्या दिवशी जे केले, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, अदलाबदल. तोच डोंगल त्याने स्वतःच्या लॅपटॉपला लावला. तिथे तो चालला. त्या संगणकाला त्याच पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह लावला. तोही चालला. म्हणजे डोंगल सुटा धडधाकट आणि पोर्टही धडधाकट, भांडण दोघांच्या जोडीत. दोन निर्धोक औषधे एकत्र दिली की त्रास होतो, तसे. हीच चाचणी उलटी गेली असती, म्हणजे डोंगलने दुसराही संगणक पाडला असता, तर डोंगल फेकून देऊन आम्ही परतलो असतो.

दुसरी गोष्ट, इतिहास. त्रास सुरू होण्याआधी काय बदलले होते? सिस्टरांना आठवले की महिनाभरापूर्वी जुन्या कंपनीचा डोंगल जाऊन नव्या कंपनीचा आला होता. नव्याचे सॉफ्टवेअर बसवले, पण जुन्याचे कोणी काढलेच नव्हते. निळ्या पडद्याचा फोटो घेतला, तर त्यावरच्या फाइलचे नाव जुन्या डोंगलच्या ड्रायव्हरचे निघाले. मालक घर सोडून गेला, पण त्याचा रखवालदार दारातच उभा होता आणि नव्या माणसाला अडवत होता.

तिसरी गोष्ट, सेफ मोड. या अवस्थेत विंडोज अगदी मोजके ड्रायव्हर घेऊन सुरू होते. रुग्णाची सगळी औषधे थांबवून फक्त सलाइन चालू ठेवावे, तसे. सेफ मोडमध्ये संगणक स्थिर राहिला तर मूळ यंत्र बहुधा ठीक असते आणि खोट वरून बसवलेल्या कशात तरी असते. तंत्रज्ञाने डोंगल बाहेर ठेवून दोन्ही डोंगलची सॉफ्टवेअर काढून टाकली. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडून जुन्या मोडेमच्या फिकट दिसणाऱ्या नोंदी पुसल्या, संगणक पुन्हा सुरू केला आणि फक्त नव्या डोंगलचे सॉफ्टवेअर त्या विंडोजला चालणाऱ्या आवृत्तीत बसवले. नंतर डोंगल लावला, काढला, परत लावला. निळा पडदा आला नाही.

इथे चहा मागवला गेला. पण काम संपले नव्हते. दहा मिनिटांनी डोंगल आपोआप तुटू लागला, परत जोडला जाऊ लागला. रुग्णाला एकाच वेळी दोन आजार असू शकतात, हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो आणि स्वतः विसरतो.

विजेची भूक

यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिॲम्पिअर, म्हणजे अडीच वॉट वीज देतो. नवा, यूएसबी ३ चा पोर्ट ९०० मिलिॲम्पिअरपर्यंत देतो. डोंगल हा खरे तर बिनपडद्याचा मोबाइल आहे. टॉवर जवळ असला की तो हळू बोलतो, लांब असला की ओरडतो. ३जीवर त्याच्या ओरडण्याची कमाल साधारण पाव वॉट, ४जीवर त्याहून थोडी कमी. पण रेंज घसरली आणि तो २जीवर उतरला की लहरींची ताकद २ वॉटपर्यंत जाते, तीही सलग नव्हे, सेकंदाला सुमारे २१७ झटक्यांत. मोबाइल रेडिओजवळ ठेवला की फोन वाजण्याआधी येणारी टर्रटर्र आठवते ना? ते हेच झटके. बाहेर जेवढी ताकद जाते त्याहून बरीच जास्त वीज डोंगलला आत लागते. म्हणजे नेमक्या कमी रेंजच्या गावात त्याची भूक सर्वांत मोठी असते. शहरात नीट चालणारा डोंगल गावी नेल्यावर बंड करतो, त्यामागे हे एक कारण असू शकते.

त्या खोलीत रेंज नव्हती, म्हणून कोणीतरी हुशारीने डोंगल लांब, बारीक यूएसबी वायरला जोडून खिडकीच्या गजाला बांधला होता. लांब आणि बारीक वायरमध्ये वाटेतच व्होल्टेज पडते. झटक्याच्या क्षणी डोंगलपर्यंत पुरेशी वीज पोहोचत नव्हती, म्हणून तो मूर्च्छा येऊन पडत होता. आखूड, जाड वायर आणली, ती पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावली आणि टेबल खिडकीजवळ सरकवले. आजार संपला. एवढ्यानेही भागले नसते तर दोन पोर्टांतून वीज घेणारी दोन तोंडांची वायर किंवा स्वतंत्र ॲडॉप्टर असलेला हब हे पुढचे उपाय होते. बिनॲडॉप्टरचा स्वस्त हब मात्र टाळावा. एकाच पोर्टची वीज तो चौघांत वाटतो.

कारण मिळालेच नाही तर?

आणखी दोन संशयित लक्षात ठेवावेत. एक अँटिव्हायरस. इंटरनेटवरून येणारी प्रत्येक गोष्ट तपासण्यासाठी तो नेटवर्कच्या वाटेवर स्वतःचा ड्रायव्हर बसवतो. एकाच संगणकावर दोन अँटिव्हायरस कधीही ठेवू नयेत. एकच असेल तर तो अद्ययावत करून पाहावा. दुसरा संशयित म्हणजे रॅम. डोंगलशिवायही, मोठी फाइल उघडताना किंवा व्हिडिओ पाहताना संगणक पडत असेल आणि दर वेळी पडद्यावरचा संकेत वेगळा असेल, तर डोंगल निर्दोष असण्याची शक्यता मोठी. जिना चढताना दम लागला तर दोष जिन्याचा नसतो, हृदयाचा असू शकतो. विंडोजमध्येच असलेली मेमरी डायग्नोस्टिक चाचणी त्यासाठी चालवावी.

‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये नवे करा’ असे सांगणाऱ्या फुकट प्रोग्रामांच्या वाटेला मात्र जाऊ नये. सर्व रोगांवर एकच गोळी विकणाऱ्याकडून आपण औषध घेत नाही. आणि खटपट करूनही जमेना, तर मोबाइलचा हॉटस्पॉट किंवा चार्जरवर चालणारा वायफाय डोंगल वापरावा. त्यात संगणकावर मोडेमचा ड्रायव्हर बसवावाच लागत नाही. भांडण मिटत नसेल तर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावे, हा जुना घरगुती उपाय इथेही चालतो.

यंत्र रुग्णाला जोडलेले असेल तर

घरचा संगणक पडला तर चिडचिड होते. रुग्णाच्या अंगाशी जोडलेले यंत्र पडले तर गोष्ट वेगळी. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘आर्कॉन’ या भूल देण्याच्या यंत्राबाबत सर्वांत गंभीर वर्गाची सूचना काढली होती. सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे ते यंत्र काम थांबवू शकत होते. शिवाय त्याच्या यूएसबी पोर्टला मोबाइल किंवा दुसरे उपकरण चार्जिंगला लावले, तरी ते बंद पडू शकते असा इशारा त्यात होता. २०१६ मध्ये तिथेच नोंदवलेल्या दुसऱ्या एका घटनेत, हृदयाची तपासणी चालू असताना अँटिव्हायरसच्या स्कॅनमुळे पडदा काळा झाला आणि गुंगी दिलेल्या रुग्णाला सुमारे पाच मिनिटे ताटकळावे लागले.

म्हणून एक कळकळीची विनंती. रुग्णालयात नातेवाईक म्हणून बसला असाल आणि मॉनिटरच्या किंवा व्हेंटिलेटरच्या मागे यूएसबीची खाच दिसली, तर तिला मोबाइल लावू नका. भिंतीवरचा प्लग विचारा. आम्हा डॉक्टर-सिस्टरांनाही हेच लागू आहे, किंबहुना आधी आम्हाला.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा कार्यक्रम २०१० पासून आणि वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेणारा २०१५ पासून चालू आहे. दोन्हींचा पाया एकच आहे, जो वापरतो त्याचे म्हणणे लिहून घ्या. त्या ग्रामीण रुग्णालयात ते कोणी लिहून घेतले नाही. सिस्टरांनी महिनाभर सांगितले, पण त्यांचे सांगणे तक्रार ठरले, माहिती ठरले नाही. त्यात माझाही वाटा आहे. आधीच्या भेटीत ‘कॉम्प्युटर त्रास देतो’ असे त्या मलाही म्हणाल्या होत्या. मी ‘कळवतो’ म्हणालो आणि गाडीत बसलो.

निघण्यापूर्वी आम्ही दोन गोष्टी केल्या. संगणकाशेजारी एक वही बांधून ठेवली. कधी पडला, काय जोडले होते, पडद्यावर काय आले, एवढेच तिच्यात लिहायचे. आणि ईसीजी यंत्राच्या वर एक कागद चिकटवला. छातीत दुखणारा रुग्ण असेल तर संगणक सुरू होण्याची वाट पाहायची नाही, आधी मोबाइलने फोटो काढून फाटकापाशी जायचे, संगणकाचे नंतर पाहायचे. कागदावरचा मजकूर मी सांगितला, अक्षर सिस्टरांचे होते. ‘आधी’ या शब्दाखाली त्यांनी लाल शाईने दोन रेघा ओढल्या.